पक्वान्नातील गोडवा आणि रसत्यागाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गोडाविषयी बोलायचे म्हटले, तर श्रोत्यांना लाडू-बर्फीची वर्णने अपेक्षित असणार. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्याच्या उलट बाजूने सुरू होतो. साखर सोडूनही सण गोड कसा राहील, हा प्रश्न आज समाजातील घराघरांत उभा आहे. तो केवळ स्वयंपाकघरापुरता नाही. त्यात आरोग्य आहे, घरातील वडीलधाऱ्यांचा मान आहे आणि श्रावकाचा आचारही आहे.

एका घरातील प्रसंग पाहावा. असा प्रसंग थोड्याफार फरकाने अनेक घरांत घडतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. दहा वर्षांपासून मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. घरात दिवाळीचे लाडू वळले जातात आणि डबा आजींच्या हाती लागू नये म्हणून वरच्या फळीवर जातो. यामागे मुला-सुनांचे प्रेमच असते. पण भोजनाच्या वेळी सर्वांच्या ताटात पक्वान्न असते, आणि आजींच्या ताटातील ती जागा रिकामी राहते. एके दिवशी सूर्यास्तानंतर, घरातील मंडळी बाहेर बसलेली असताना, आजी स्टुलावर चढून तो डबा काढतात. ज्या माउलीने विवाहापासून पन्नास वर्षे रात्रिभोजनत्याग पाळला, तिचा नियम एका लाडवासाठी मोडतो. साखर वाढते ती वाढतेच. पण त्याहून मोठे दुःख असे, की आजी ती गोष्ट कोणालाही सांगू शकत नाहीत. दोष कोणाचा मानावा? आजींच्या जिभेचा, की त्यांच्यासाठी काहीही न रांधता केवळ डबा उंच ठेवणाऱ्या व्यवस्थेचा?

हा प्रश्न एका घराचा नाही, याची साक्ष आकडे देतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली मर्यादा अशी, की अन्नातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत आणावा. पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे. घरोघरी श्रीखंडासाठी चक्का आणि साखर बहुधा समभाग घेतात. म्हणजे शंभर ग्रॅमच्या एका वाटीतच पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर जाते. दोन दिवसांचा वाटा एका वाटीत संपला, आणि आग्रहाची दुसरी वाटी अजून बाकीच आहे.

या परिस्थितीत शहरांतील अनेक तरुण घरांत ‘पॅलिओ’ नावाचा आहार आला. त्यामागील विचार असा, की शेतीचा शोध लागण्यापूर्वी लक्षावधी वर्षे मनुष्य जे खात होता, तेच त्याच्या शरीराला मानवते. ईटन आणि कॉनर या अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात हा विचार मांडला. पुढे लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो लोकप्रिय झाला. या आहारात धान्य, कडधान्ये, दूध-दही आणि साखर वर्ज्य, तर मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कठीण कवचाची फळे आणि कधीमधी मध ग्राह्य मानला जातो.

जैन श्रावकाने ही यादी वाचली की पहिली अडचण लगेच ध्यानी येते. मांस, मासे आणि अंडी यांचा प्रश्नच नाही. उरलेला मधही दिगंबर परंपरेत अष्ट मूलगुणांच्या प्रारंभीच त्याज्य ठरला आहे, आणि श्वेतांबर परंपरेत मध, मद्य, मांस व लोणी यांना महाविगई म्हटले आहे. साखर नको म्हणून मध घालणाऱ्या पाककृती आज शेकड्यांनी मिळतात आणि त्यांच्यावर ‘नैसर्गिक’ अशी मोहोर असते. जे निसर्गात मिळते ते सारेच अहिंसक असते, असे नव्हे. हा भेद नव्या पिढीला समजावून सांगणे हे घरातील ज्येष्ठांचे काम आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. बाजारातील ‘बिनसाखरेच्या’ मिठाईत अंजीर बर्फीचा मान मोठा. पण वड, पिंपळ, पाकर, उंबर आणि कठूमर या पंच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाने करावयाचा असतो, आणि अंजीर त्याच कुळातील असल्याने अनेक घरांत ते वर्ज्य आहे. रताळे, गाजर, बीट यांच्या नैसर्गिक गोडीवर आधारलेले पदार्थ कंदमूळ म्हणून बाजूला पडतात. खजूर आणि सुकामेवा तर बिनसाखरेच्या मिठाईचा कणाच, पण अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत तेही घेत नाहीत, आणि दिवाळी नेमकी त्याच काळात येते. परदेशी कृती जशीच्या तशी उचलली, तर साखर सुटेल पण आचार सुटण्याचा धोका राहील.

मग हा आहारविचार सर्वस्वी त्याज्य समजावा काय? तसेही नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसपरित्याग हे स्वतंत्र तप आहे. दूध, दही, तूप, तेल, मिष्ट आणि लवण हे सहा रस, आणि त्यांपैकी एक वा अनेक सोडणे हे तप. काही घरांत आजही आठवड्याच्या एकेका वारी एकेक रस सोडण्याची प्रथा आहे. चैत्र आणि अश्विनातील नवपद ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारे तपस्वी सर्व विगईंविना एकवेळचे भोजन करतात. साखरेविना जगता येते का, हा प्रश्न ज्या समाजात शतकानुशतके कृतीने सोडविला गेला, त्या समाजाला बिनसाखरेचा आहार नवा वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो हेतूचा. आहारशास्त्र देहाकडे पाहते आणि रसपरित्याग रसनेंद्रियावर विजय मागतो. कारण वेगळे असले तरी दोन्ही वाटा काही अंतर बरोबर चालतात.

शेतीपूर्व काळाकडे परत जावे, या विचाराला मात्र जैन परंपरेकडे स्वतःचे उत्तर आहे. भोगभूमीत कल्पवृक्ष होते, लोकांना रांधावे लागत नव्हते. कल्पवृक्षांचा प्रभाव ओसरला तेव्हा भगवान ऋषभदेवांनी असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे प्रजेला शिकविली. शेती हे मानवाचे अधःपतन नव्हे, ते आदिनाथांनी भुकेल्या प्रजेला दिलेले जीवन आहे. आणि त्याच ऋषभदेवांनी दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ निराहार विहार केला. लोक हत्ती, घोडे, रत्ने पुढे करीत, परंतु आहारदानाचा विधी कोणालाच ठाऊक नव्हता. अखेर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला पूर्वभवाचे स्मरण झाले आणि त्याने इक्षुरस अर्पण केला. तीच अक्षय्य तृतीया. वर्षीतपाचे पारणे आजही उसाच्या रसाने होते.

म्हणून ऊस शत्रू नाही, धान्यही शत्रू नाही. वर्षभराच्या तपानंतर ओंजळीत घेतलेला रस आणि रोजच्या चार चहांतून, बिस्किटांतून, सरबतांतून नकळत पोटात जाणारी साखर, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सांगली-कोल्हापूर भागातील कित्येक जैन शेतकरी कुटुंबे उसावरच उभी राहिली, हेही विसरता येत नाही. पूर्वी गोड हे सणापुरते होते म्हणून ते सणाचे होते. आज ते रोजचे झाले आणि सणाला त्याची दुप्पट मात्रा लागू लागली. पक्वान्नाला दोष देण्यापूर्वी या रोजच्या साखरेचा हिशेब करणे न्यायाचे ठरेल.

धान्य, कडधान्ये व दूध सर्वस्वी सोडण्याविषयीही सावधपणे बोलले पाहिजे. मांसाहारी मनुष्य डाळ सोडतो तेव्हा त्याच्याकडे प्रथिनांचा दुसरा साठा असतो. शाकाहारी घरात डाळी आणि दूध हेच प्रथिनांचे मुख्य आधार आहेत. ब-१२ हे जीवनसत्त्व तर शाकाहाऱ्याला निसर्गतः दूध आणि दुधाच्या पदार्थांतूनच मिळते. तेव्हा हा आहार जैन घराने संपूर्ण स्वीकारू नये. त्यातील साखर आणि मैदा टाळण्याचा भाग घ्यावा, सणाच्या एखाद्या पक्वान्नात धान्याऐवजी नारळ, बदाम व फळभाज्या वापरून पाहाव्यात, आणि बाकीचे सोडून द्यावे.

आता पाकशास्त्राकडे वळावे. साखर पदार्थाला केवळ गोडी देत नाही. ती पदार्थाला वजन देते, एकतारी-दोनतारी पाकाने त्याला बांधते, भाजताना रंग आणते आणि पाणी धरून ठेवून पदार्थ टिकविते. म्हणून साखर काढून टाकली की वडी थापली जात नाही, लाडू वळला जात नाही आणि पदार्थ लवकर बिघडतो. साखरेचे ही चारही कामे करणारा एकच पर्याय शोधू नये. ती निरनिराळ्या जिनसांत वाटून द्यावीत. गोडीसाठी थोडे फळ, बांधणीसाठी बदामाची पूड, स्निग्धतेसाठी नारळ व तूप, आणि स्वादासाठी वेलची, जायफळ, केशर.

नारळ-बदामाची वडी हे याचे सोपे उदाहरण. दोन वाट्या ओल्या नारळाचा चव दोन चमचे तुपात मंद आचेवर परतावा. त्यातील ओल कमी झाली की बिया काढून, भिजवून, बारीक वाटलेले आठ खजूर घालावेत. मग एक वाटी बदामाची पूड आणि वेलची घालून मिश्रण कडा सोडू लागेपर्यंत हलवावे. ताटाला तूप लावून थापावे आणि सोळा वड्या पाडाव्यात. प्रत्येक वडीत अर्धा खजूर, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम साखर येते. नेहमीच्या नारळवडीत दोन वाट्या चवाला दीड वाटी, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम साखर घालून चोवीस वड्या केल्या, तरी एकेका वडीत बारा ग्रॅमच्या आसपास साखर असते.

जेथे खजूर व सुकामेवा वर्ज्य आहे, तेथे लाल भोपळा उपयोगी पडतो. पाव किलो पिकलेल्या भोपळ्याचा कीस एक चमचा तुपात परतून नारळाच्या पातळ दुधात शिजवावा. मऊ झाल्यावर नारळाचे दाट दूध, वेलची आणि जायफळ घालावे. दाट दूध घातल्यावर उकळी येऊ देऊ नये, अन्यथा ते फाटते. चिमूटभर मिठाने भोपळ्याची मूळ गोडी खुलते. दुधीचा हलवाही याच रीतीने होतो. कीस पिळून तुपात चांगला परतावा, नारळाच्या दुधात आटवावा आणि चालत असल्यास मूठभर बेदाणे व बदामाची पूड घालावी. तासगावचे बेदाणे हाताशी असताना परदेशी पाकाच्या बाटल्या आणण्याचे कारण नाही. पुरणपोळी सोडवत नसेल, तर डाळीच्या बरोबरीने गूळ न घेता निम्म्याने घ्यावा आणि पोळी लहान लाटावी. जीभ हळूहळू वळते. एका सणात चतुर्थांश कमी, पुढील सणात आणखी चतुर्थांश, असे केल्यास कमी गोडाची सवय होते.

येथे तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला गुळाचा. गुळात अल्प खनिजे असतात हे खरे, पण तो रक्तातील साखर जवळजवळ साखरेइतकीच वाढवितो. दुसरा खजूर-बेदाण्यांचा. त्यांच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरेचाच असतो. वरील वडीत ते थोडे आहेत म्हणून ती चालते. निव्वळ खजुराचा लाडू ‘बिनसाखरेचा’ म्हणून चार-चार खाल्ला, तर नावापलीकडे काहीच बदलले नाही. तिसरा गैरसमज कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचविले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र ही शिफारस लागू नव्हती. त्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने वापर ठरवावा. ॲस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते, म्हणून ते उकळत्या खिरीत न घालता खीर निवल्यावर घालावे लागते. शिवाय ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या मिठाईत खवा आणि तूप पूर्वीइतकेच असते, हे डब्याच्या दर्शनी भागावर लिहिलेले नसते.

साखर नसलेला ओलसर पदार्थ टिकत नाही, हे वर आलेच. आधुनिक गृहिणीला ही अडचण वाटेल. पण श्रावकाचाराला ती अडचण नाहीच. पदार्थाच्या काळमर्यादेचा विचार जैन स्वयंपाकघराने नेहमीच केला. पिठाचीही मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मानली जाते. रात्र उलटलेला ओला पदार्थ शिळा म्हणून त्याज्य. तेव्हा असे पक्वान्न बेताने करावे, त्याच दिवशी, दिवस असतानाच वाटून संपवावे. महिनाभर पुरतील असे डबे भरून ठेवण्याची हौस त्यामुळे आपोआप कमी होईल. अपरिग्रहाचा आरंभ फराळाच्या डब्यापासूनही होऊ शकतो.

देवापुढील निर्वाण लाडवाविषयी कोणी शंका घेईल. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, अमावास्येच्या पहाटे जो लाडू अर्पण केला जातो, तो दिगंबर परंपरेत निर्माल्य होतो. श्रावक त्याचे भक्षण करीत नाही. त्या लाडवातील साखरेने कोणाची प्रकृती बिघडत नाही. अर्पणाचा भाव आणि भोजनाचा मोह या दोन गोष्टी परंपरेने आधीच वेगळ्या ठेवल्या आहेत. तेवढा भेद ध्यानी ठेवला, तर विधीला धक्का न लावता भोजन बदलता येते.

औषधोपचार चालू असलेल्यांविषयी एक गंभीर सूचना आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने वैद्यांना न विचारता उपवास, एकासन वा आयंबिल सुरू करू नये. तसेच आहारातील पिष्ट व साखर एकाएकी बंद करू नये. औषधाची मात्रा तीच राहिली आणि अन्न घटले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येते. घाम, थरथर, भोवळ, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालयात न्यावे. त्या क्षणी साखर हे पक्वान्न नव्हे, औषध आहे. समाधी टिकावी म्हणून प्रत्याख्यानाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. पूर्वाचार्यांनी जे औदार्य दाखविले, ते कुटुंबीयांनी नाकारू नये. वर्षीतपाच्या पारण्याला बसणाऱ्या मधुमेही तपस्व्यासाठी रसाचे प्रमाणही वैद्यांशी बोलून आधीच ठरवावे.

शेवटी समाजाच्या पंगतीविषयी. साधर्मिक वात्सल्य भोजनात आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. परंतु ऊनोदरी हेही तपच आहे, आणि ज्याला ती पाळायची आहे त्याच्या ताटात बळेच लाडू टाकणे हा त्याच्या तपात अंतराय होय. ताट धुऊन पिण्याची परंपरा असलेल्या समाजात अर्धवट टाकलेल्या पक्वान्नांनी बादल्या भराव्यात, हे शोभत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ट्रस्टच्या प्रत्येक पंगतीत पक्वान्नाचा आकार लहान करावा. एक बिनसाखरेचा पदार्थ सर्वांसाठी असावा. ‘रुग्णांसाठी’ अशी वेगळी पाटी नसावी. त्याऐवजी त्यात काय आहे आणि काय नाही, खजूर आहे का, अंजीर नाही ना, मध नाही ना, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. वाढणाऱ्याने एकदा विचारावे आणि नकार आदराने स्वीकारावा. या सूचनांना खर्च नाही, केवळ निश्चय हवा.

आरंभी ज्या आजींचा उल्लेख झाला, त्यांच्या ताटात सूर्यास्तापूर्वी, सर्वांच्या बरोबरीने, नारळाची एक वडी वाढली गेली असती, तर त्यांना स्टुलावर चढावे लागले नसते. पन्नास वर्षांचा नियम अखंड राहिला असता. सुनेने त्या वडीसाठी आठ खजूर वाटायचे होते, एवढेच. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने डबा उंच ठेवून तो घडत नाही. घराने आणि समाजाने त्याग करणाऱ्याची वाट सुकर करायची असते. पन्नास वर्षे साधर्मिकांची सेवा करणाऱ्या या संस्थेकडून तेवढी अपेक्षा ठेवणे अनाठायी होणार नाही.

या विवेचनात जिनवाणीच्या विरुद्ध काही बोलले गेले असल्यास सर्व श्रोत्यांनी उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

जय जिनेंद्र.